खोडरबर नसलेलं घर

भिंगारच्या त्या खोलीत मी राहायला गेले तेव्हा घरमालकांनी माझी पहिली सही घेतली ती भाड्याच्या करारावर नव्हे, बादलीवर. वहीत आधीच लिहून तयार होतं: "बादली, प्लास्टिक, निळी, एक. एक कान तुटका." त्याखाली मग, पायपुसणं आणि "कपड्याचे चिमटे, लाकडी, बारा. पैकी एकाची स्प्रिंग ढिली."

मी म्हटलं, "काका, चिमट्यांवर पण सही?"

चष्म्याच्या वरून बघत ते म्हणाले, "चिमटे माझे हायेत का तुझे?"

"तुमचे."

"मग कर."

केली बाई. करते काय? नगरच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची नोकरी नुकती लागली होती, आणि एकट्या पोरीला खोली द्यायची म्हटली की लोकांच्या कपाळाला आठ्या पडत होत्या. ह्या माणसाने मला एकच प्रश्न विचारला होता, गाव कुठलं. सोनई म्हटल्यावर म्हणाले, "म्हंजी शिंगणापूरच्या शेजारची. तिकडं घरांना दारं न्हाईत, तुला कुलपाचं काय कळनार? किल्ली हरवायची न्हाई." आणि किल्लीवर सही घेतली.

काका लष्कराच्या एका भांडारात स्टोअरकीपर होते. मुलकी नोकर, पण कडकपणात एखाद्या सुभेदारानेही हात टेकावेत असे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी अर्ध्या बाह्यांचा खाकी शर्ट सुटला नव्हता. खिशात तीन पेनं, निळं, काळं आणि लाल. घरातली प्रत्येक वस्तू 'इश्यू' व्हायची आणि 'जमा' व्हायची. मला एकदा सडकून ताप आला, तर काकूंनी वर पाठवलेल्या थर्मामीटरबरोबर चिटोरा आला: "थर्मामीटर, काचेचा, एक, चालू." एकशे दोन तापात मी सही केली. काकू म्हणायच्या, "तुला काय वाटतं, मला तरी सुखासुखी आणलंय? माझ्या बापाकडनं इश्यू करूनच आणलंय. जमा करायची सोय असती तर कवाच केली असती." काका ऐकलं नाही असं दाखवायचे, पण मिशीत हसायचे.

त्या घरात खोडरबर नव्हता. मला माहीत आहे, कारण मी शोधला होता. पेपरांच्या गुणांचा तक्ता पेन्सिलीने करत बसले होते, चुकलं, म्हणून खाली जाऊन काकूंना रबर मागितला, तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. तोवर उशीर झाला होता. आतून आवाज आला, "कोन खोडतंय?"

मग शिकवणी झाली. चुकलेल्या आकड्यावर एकच बारीक रेघ मारायची. इतकी बारीक, की खालचा आकडा वाचता आला पाहिजे. वर बरोबर आकडा, शेजारी सही. "चूक कुनी केली, कवा केली आनि नीट कुनी केली, समदं दिसलं पायजे. खोडलं म्हंजी काय झालं? चूक तर ऱ्हायलीच, फकस्त दिसायची बंद झाली." त्यांची मुलगी आता नाशिकला दोन लेकरांची आई आहे. ती सांगायची की लहानपणी इतर पोरी दप्तरात चिंचा लपवायच्या, आणि ही मैत्रिणीचा रबर.

वह्यांचं आणखी एक तंत्र होतं. प्रत्येक पानाची शेवटची ओळ पुढच्या पानाच्या डोक्यावर पुन्हा लिहायची. एखादं पान फाडलं की दोन्हीकडची ओळ जुळेना, लगेच उघडं पडायचं. आणि वही एक नव्हे, तीन. एक त्यांच्याकडे, एक काकूंकडे, एक समोरच्या पिठाच्या गिरणीवाल्याकडे. रविवारी सकाळी गिरणीवाला आपली पिठाने पांढरी झालेली वही घेऊन यायचा आणि तिघं ओट्यावर बसून ताळा बघायचे. माझी बादली, माझे चिमटे, सगळं मोठ्याने वाचलं जायचं. मला अस्सा राग यायचा! त्या गिरणीवाल्याला माझ्या चिमट्यांशी काय करायचंय? एकदा बोलून दाखवलं, तर काका म्हणाले, "एकाच्याच घरात असली तर ती वही न्हाई पोरी, ती त्याची मर्जी."

हाताने मोजायची खोडही तशीच. केळी असोत, खुर्च्या असोत, जिन्याच्या पायऱ्या असोत, प्रत्येकीला हात लावायचा आणि मोजायचं. "डोळा लबाड असतो. त्याला पायजे तेवढंच बघतो." लग्नाच्या पंगतीत हा माणूस जेवायच्या आधी पाटांना हात लावत फिरलेला मी स्वतः पाहिला आहे. काकूंनी तेव्हा तोंड पलीकडे फिरवलं होतं.

आणि प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर, जिथे लोक 'श्री' लिहितात, तिथे काकांच्या अक्षरात दोनच शब्द असायचे. "रंगनाथ खरा." मला वाटायचं कुणी गुरू असेल त्यांचा. विचारलं नाही. भाडेकरूने किती विचारावं?

आता साखळीकडे, म्हणजे माझ्या कामाकडे येते.

आमच्या अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, सोनईत कापडाचं दुकान आहे. कुठल्याशा पुराच्या वेळी त्यांनी पन्नास ब्लँकेटं दिली होती, काठाला दुकानाचा शिक्का मारलेली. सहा महिन्यांनी एका आठवडे बाजारात पथारीवर तीच ब्लँकेटं विकायला मांडलेली त्यांना दिसली. शिक्क्यासकट. अण्णा भांडले नाहीत, ओरडले नाहीत, त्यातलं एक पैसे देऊन विकत घेतलं आणि घरी आले. ते ब्लँकेट आमच्या माजघरात खुंटीवर टांगलेलं असतं. कुणी मदत मागायला आलं की अण्णा नुसतं बोट दाखवतात.

त्या खुंटीमुळे मी हे काम अंगावर घेतलं. कॉलेजातल्या माझ्या विद्यार्थ्यांना प्रकल्प हवा होता. मी म्हटलं, ब्लॉकचेनवर मदतीच्या सामानाची नोंद करूया. प्रत्येक नगाला चौकोनी ठिपक्यांचा स्टिकर. देणाऱ्याच्या दारातून निघाल्यापासून घेणाऱ्याच्या हातात पडेपर्यंत जो जो हात लावेल तो मोबाईलने टिपणार. नोंद एकदा पडली की कुणाला बदलता येणार नाही, आणि ज्याने ब्लँकेट दिलंय त्याला घरबसल्या दिसणार की ते कुठे पोचलं.

काकांनी एक दिवस विचारलं, "काय गं करती दिवसभर त्या लॅपटॉपवर?" मी चिमटे घेऊन समजावायला बसले. प्रत्येक नोंदीत आधीच्या नोंदीचा ठसा असतो, मधली एक बदलली की पुढचे सगळे ठसे चुकतात, आणि ही वही एका ठिकाणी नसते, अनेकांकडे असते. माझं अर्धं बोलून व्हायच्या आत काका उठले, लोखंडी पेटी उघडली आणि वह्यांचा ढीग माझ्यापुढे आदळला.

"ह्ये?"

मी पाहिलं आणि मला हसू आवरेना. "हो काका. हेच."

"आनि ह्याला तुमी शोध म्हनता?"

त्या दिवसापासून काका आमच्या प्रकल्पात घुसले. ब्लॉकचेन हा शब्द त्यांनी उच्चारला नाही कधी. 'साखळी' म्हणायचे. वहीच्या पाच प्रती ठेवायच्या होत्या. एक कॉलेजात, एक पुणतांब्याच्या एका शिक्षकांकडे, दोन देणगीदारांकडे आणि पाचवी, काकांच्या हट्टामुळे, समोरच्या गिरणीत. जुना कॉम्प्युटर प्लास्टिकमध्ये गुंडाळून तिथे ठेवला. ज्वारी दळायला आलेल्या बायका त्याच्यावर पिशव्या ठेवायच्या. पण चालायचा.

कसोटी लवकरच आली. दिवाळी होऊन गेलेली, कारखान्यांचा हंगाम नुकता सुरू झालेला, आणि तीन दिवस अवकाळी पाऊस कोसळला. गोदावरी फुगली, पुणतांब्याजवळच्या ओढ्याचं पाणी तुंबून काठावर चढलं आणि ओढ्याकाठी उतरलेल्या ऊसतोड कामगारांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, वाहून गेल्या. ही माणसं पाथर्डीकडची. गावातल्या पडलेल्या घरांचे पंचनामे झाले, पण ह्यांचं घर इथलं नाही, म्हणून ह्यांचं नाव कुठल्याच यादीत नाही. शिक्षकांचा फोन आला. चार दिवसांत आम्ही चाळीस संच उभे केले, प्रत्येकात एक ताडपत्री आणि दोन ब्लँकेटं. अण्णांना विचारलं होतं. त्यांनी खुंटीकडे बोट दाखवलं.

यादी मुकादमाने दिली. चाळीस कोयते. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. उचल कोयत्यावर, मजुरी कोयत्यावर, तशी यादीही कोयत्यावर, आणि नाव अर्थातच नवऱ्याचं. आम्ही ती यादी जशीच्या तशी साखळीत चढवली. किती हुशार आम्ही!

सकाळी टेम्पो पुणतांब्याला ओढ्याकाठी लागला. काका मागे उभे राहून एकेक नग हात लावून खाली देत होते, मी मोबाईल घेऊन नावं पुकारत होते. अकरापर्यंत चाळीसच्या चाळीस ओळींपुढे हिरव्या खुणा आल्या. मी फोटो काढून कॉलेजच्या ग्रुपवर टाकला. प्राचार्यांनी अंगठा पाठवला. मला आभाळ ठेंगणं झालं होतं, खोटं कशाला सांगू?

तेवढ्यात एक बाई आली. काटकुळी, तिशीतली, पदर कमरेला खोचलेला. "ताई, मला न्हाई भेटलं."

"कितवा कोयता?"

"सतरा. पन..."

मी मोबाईल बघितला. सतरा नंबर, बबन, संच पोचला, हिरवी खूण. मी तिचं 'पण' ऐकलंच नाही. म्हटलं, "सतराला मिळालंय."

"मला न्हाई भेटलं."

"अहो बाई, इथे दिसतंय ना! ह्यात खोटं चालत नाही. दुसऱ्यांदा मागू नका, बाकीच्यांचं बघा जरा."

मी हे मोठ्याने बोलले. सगळ्यांसमोर बोलले. मागच्या बायका हसल्या. मुकादम म्हणाला, "शेवंते, अशी बोंब मारीत बसलीस तर फुडल्या साली कोन घील तुला टोळीत?" ती माझ्याकडे बघत राहिली. रडली नाही, भांडली नाही. "म्या खोटं बोलत न्हाई," एवढंच म्हणाली आणि वळून चालायला लागली. आजही ते आठवलं की माझे कान तापतात.

टेम्पोतून काका खाली उतरले. वाटलं, माझी बाजू घेतील. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. पुरानंतर पुन्हा उभ्या केलेल्या कोप्यांतल्या पहिलीपाशी गेले, बांबूला हात लावला आणि म्हणाले, "एक." मग दुसऱ्या कोपीला. चिखलात, पायजमा गुडघ्यापर्यंत वर धरून, हा म्हातारा एकेका कोपीला हात लावत पार ओढ्यापर्यंत गेला. पोरं मागे हसत चालली होती. अर्ध्या तासाने परत आले.

"मॅडम." मला ते एरवी पोरी म्हणायचे. "तुझी साखळी चाळीस म्हनती. माझा हात एकेचाळीस म्हनतो."

एकेचाळिसावी कोपी शेवंताची. खताच्या गोण्या आणि एक जुनं लुगडं वर टाकलेलं, आत ओल्या जमिनीवर दोन लहान मुली एकमेकींना चिकटून बसलेल्या. तिचा नवरा गेल्या साली वारला. एकट्या माणसाला ऊसतोडीत अर्धा कोयता म्हणतात, आणि मुकादम दोन अर्धे जोडून एक पुरा करतो. बबन नावाचा म्हातारा, बायको आजारी म्हणून गावीच राहिलेली, तो एक अर्धा. शेवंता दुसरा अर्धा. फडात दोघं मिळून सतरा नंबर. राहायला दोन वेगळ्या कोप्या, दोन टोकांना. बबनने सतराचा संच नेला आणि ताडपत्री बांधत बसला. "मला वाटलं तिचं येगळं यीन," तो म्हणाला. लबाड नव्हता तो. मुकादमही नव्हता. "हिशोबाला कोयता एकच की मॅडम," म्हणाला, आणि त्याच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. वर्षानुवर्षं यादी अशीच होत आली होती. चुकले होते मी. माणसं न मोजता यादी चढवली आणि वर त्या बाईला खोटं ठरवलं.

शिल्लक ताडपत्री एकही नव्हती. काका टेम्पोवाल्याकडे गेले आणि हौद्यावरची त्याची ताडपत्री मागितली. तो म्हणाला, माझी आहे, रस्त्यात पाऊस लागला तर? काकांनी खिशातून कागद काढला. "ताडपत्री, निळी, जुनी, दोन भोकं. इश्यू." खाली स्वतःची सही ठोकली, एक प्रत त्याला दिली, एक शेवंताला. टेम्पोवाला कागद हातात धरून बघत राहिला आणि काकांनी तोवर ताडपत्री सोडलीसुद्धा. आम्ही ती तिच्या कोपीवर बांधली. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर ती म्हणाली, "मला समद्यांम्होरं खोटं पाडलं तुमी." आणि मुलींना घेऊन आत गेली.

परत येताना माझ्या विद्यार्थ्याचा फोन आला. त्याला कळलं होतं. म्हणाला, मॅडम, एक करता येईल. पाचही प्रती आपल्याच माणसांकडे आहेत. पाचही बंद करून साखळी पहिल्यापासून नव्याने सुरू करू, बरोबर यादी चढवू. कुणाला कळणारही नाही. आणि देवाशप्पथ सांगते, मी "बघू" म्हणाले.

काका शेजारीच बसले होते. राहाता मागे पडलं. मग म्हणाले, "रंगनाथ आमच्याकडं हमाल हुता."

मी एकदम त्यांच्याकडे बघितलं.

"पाथर्डीकडचाच. ब्लँकेटाचा गठ्ठा पाठीवर घेतला आनि म्हनला, सायेब, गठ्ठा हलका हाय. म्या वही बघितली. पन्नास. वरचं सील बघितलं. शाबूत. म्या म्हनलं, गप चल, वहीत पन्नास हायेत. फुडं गठ्ठा फोडला तर चव्वेचाळीस निघाली. शेवटचा हात त्याचा, म्हनून त्याच्यावर आलं. काढला त्याला. चोर म्हनून काढला." मग म्हणाले, "सा म्हयन्यानं कळलं, मालच तसा आलता. समदेच गठ्ठे कमी. वही बी खरी न्हवती आनि सील बी खरं न्हवतं. त्याची पाठ खरी हुती. त्याच्या गावाला गेल्तो मी. घर बंद. ऊसतोडीला गेला म्हनले. लई फडांवर हुडकला. न्हाई घावला."

टेम्पोवाल्याने वळून काकांकडे पाहिलं आणि पुन्हा रस्त्याकडे लक्ष दिलं.

"नवी साखळी घालायची आसंल तर घाल," काका म्हणाले. "पन खोली सोड. माझ्या घरात खोडनारं मानूस नगं."

घरी पोचल्यावर मी लॅपटॉप उघडला. साखळीत 'शेरा' असा एक रकाना होता, तो कुणी कधी भरत नसे. मी लिहिलं, "सतरा नंबरचा कोयता म्हणजे दोन अर्धे कोयते, दोन घरं. संच एकाच घरी पोचला. नोंद चुकीची. चूक माझी." आणि खाली माझं पूर्ण नाव. काका मागे उभे राहून वाचत होते. "आजून एक लिव्ह," म्हणाले. त्यांनी सांगायची गरज नव्हती. मी लिहिलं, "शेवंता खरी."

बटण दाबलं आणि पाचही ठिकाणी गेलं. गिरणीतही.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी बोलावून घेतलं. "हे असं जाहीर लिहायची काय गरज होती? लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, सर, आता खोडता येत नाही. आयुष्यात पहिल्यांदा ते वाक्य बोलताना मला बरं वाटलं. पण आतून धास्ती होतीच. एका चुकीवरून सगळं गुंडाळावं लागेल, पुन्हा कुणी साधा रुमालसुद्धा देणार नाही, असं वाटत होतं. दुपारी अण्णांचा फोन. ह्यांना कुणी सांगितलं असेल, देव जाणे.

"तुझ्या त्या यंत्रात चूक निघाली म्हनं."

"हो अण्णा."

"आनि ती तिथंच लिहून ठिवली? तुझ्या नावानं?"

"हो."

 मला दुकानातली मीटरपट्टी आपटल्याचा आवाज येत होता. मग म्हणाले, "मी कुनाच्या वहीत कधी चूक लिहिलेली बघितली न्हाई. समद्यांच्या वह्या बरोबर आसत्यात, म्हनून तर ती ब्लँकेटं बाजारात आली." आणि लगेच दुकानदारी आवाजात, "ताडपत्र्या किती पायजेत ते सांग. आनि त्या बाईची पयली काढ."

मी फोन ठेवला आणि स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत रडले. लाज वाटली नाही.

आता त्या साखळीत कोयता हा रकानाच नाही. माणूस हा रकाना आहे, लहान मुलंसुद्धा. मागच्या पावसाळ्यात ती जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या गावांमध्ये वापरली, यादी करायला आमची मुलं घरोघरी हात लावत फिरली. काकांनी त्यांना तालीम दिली होती, भिंगारच्या बाजारातल्या दुकानांच्या पायऱ्या मोजायला लावून. दुकानदार वैतागले होते.

पुढे माझी बदली श्रीरामपूरला झाली आणि मी खोली सोडली. मग सामान जमा करायची वेळ आली. त्या निळ्या बादलीचा दुसरा कान माझ्या हातून तुटला होता, आणि मी तार बांधून तो भिंतीकडे फिरवून ठेवला होता. शेवटी सांगून टाकलं. काकांनी काळं पेन काढलं आणि लिहिलं, "दुसरा कानही तुटका. चूक भाडेकरूची." मग थांबले, लाल पेन काढलं आणि पुढे लिहिलं, "भाडेकरू खरी." काकू आतून म्हणाल्या, "मला इतक्या वर्षांत लिहिलं न्हाई कवा." काका म्हणाले, "तू कवा कबूल केलंस काय?" अजूनही रविवारी मी फोन केला की मागून गिरणीवाल्याचा आवाज येतो, वाचत असतो.

एक सांगायचं मुद्दाम मागे ठेवलं होतं.

अण्णांच्या ताडपत्र्या घेऊन आम्ही चार दिवसांनी पुन्हा पुणतांब्याला गेलो. शेवंता फडातून आली होती, हातांवर उसाची बारीक कूस रुतलेली. आम्हाला बघून ती आधी कोपीत गेली आणि टेम्पोवाल्याची ताडपत्री नीट घडी करून घेऊन आली. सोबत काकांचा तो चिटोरा, जपून ठेवलेला. "ही तुमची. दोन भोकं हायेत, तिसरं पडू दिलं न्हाई. कागूद फाडू नका, खाली लिवा, परत आली म्हनून."

काकांनी लिहिलं. खाली तारीख घालून सही केली. 

मी नवी ताडपत्री पुढे केली. तिने घेतली नाही. मुकादम, बबन, मागच्या वेळी हसलेल्या बायका, सगळे जमले होते. ती म्हणाली, "मास्तर म्हनले, त्यात माह्याबद्दल काही लिवलंय. वाचा."

मी वाचलं.

"मोठ्यानं वाचा. त्यादिशी मोठ्यानं बोलल्या होत्या."

मी मोठ्याने वाचलं. कोयत्याची चूक वाचली, माझं नाव वाचलं आणि शेवटी, "शेवंता खरी." मुकादम जमिनीकडे बघत होता. मग म्हणाला, "फुडल्या सालाला हाये तू टोळीत. तुपलं नाव येगळं लिवतो." तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

"हे कुनी खोडलं तं?"

"कुणा एकाला खोडता येत नाही. पाच ठिकाणी आहे."

"मुकादमाला बी न्हाई?"

"नाही."

"तुमाला बी न्हाई?"

"मला पण नाही," मी म्हटलं.

"मंग द्या," ती म्हणाली, आणि ताडपत्री खाली ठेवून तिला हात लावला. "एक." एकच होती. तरी तिने हाताने मोजून घेतली.